समुद्री चाच्यांवर गोळी कधी झाडावी?

व्यापारी जहाजाच्या ब्रिजवरून, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या उंच कक्षातून, दुर्बीण लावून पाहिले, तर दोन-तीन किलोमीटरवरून येणारी लहान होडी म्हणजे पाण्यावरचा एक ठिपका आणि त्याच्यामागची फेसाची पांढरी रेघ, एवढेच दिसते. होडीचा वेग ताशी २५ सागरी मैल आणि जहाजाचा १४ धरला, तर जहाज पाठ फिरवून पळत असले तरी दोघांमधले अंतर ताशी ११ सागरी मैलांनी घटत जाते आणि एक सागरी मैलाची आघाडी साधारण साडेपाच मिनिटांत संपते. होडीत पाच-सहा माणसे आहेत. एकाच्या हातात काहीतरी लांब आहे. ती बंदूक असेल किंवा नुसती काठीही असेल. बंदूक असली तरी त्यावरून काही ठरत नाही, कारण चाच्यांचा वावर असलेल्या भागात त्यांच्याच भीतीने मच्छीमारही बंदूक बाळगतात. होडी थेट जहाजाकडे येते आहे, पण तशी मच्छीमारांची होडीही येते. पसरलेल्या जाळ्यावरून जहाज जाऊ नये म्हणून ते हातवारे करत, ओरडत जवळ येतात. टोकाला आकडे लावलेली लांब शिडी दिसली तर मात्र शंकेला जागा उरत नाही, कारण मासे धरायला शिडी लागत नाही. अडचण एवढीच, की ती शिडी बहुधा होडीच्या तळाशी आडवी ठेवलेली असते आणि अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

चाच्यांविरुद्ध बळाचा वापर कितपत योग्य, असा प्रश्न निघाला की बहुतेकांचे उत्तर तयार असते: चाचे म्हणजे दरोडेखोर, त्यांना दिसताक्षणी उडवावे. असे म्हणणारे लोक निर्दय असतात असे मुळीच नाही. महिनोन्‌महिने ओलीस राहिलेल्या खलाशांच्या हकिकती ज्याने वाचल्या आहेत, त्याचे डोके तापणारच. पण 'दिसताक्षणी' म्हणणाऱ्याने एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे दिसले की कळते. वरच्या साडेपाच मिनिटांत नेमके काय दिसते, यावरच सगळे अडलेले आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. चाच्यांविरुद्ध बळ वापरण्याचा अधिकार आहे की नाही, हा या विषयाचा सोपा भाग आहे. समोरचा माणूस चाचाच आहे हे कशावरून ठरवायचे आणि तो जिवंत हाती लागल्यावर त्याचे काय करायचे, हे दोन भाग अवघड आहेत, आणि चर्चेत नेमके तेच मागे पडतात.

आधी चाचेगिरी कशाला म्हणायचे ते पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२च्या सागरी कायदाविषयक करारातल्या १०१व्या कलमानुसार, एका खाजगी जहाजावरच्या लोकांनी खाजगी हेतूसाठी, खुल्या समुद्रात, दुसऱ्या जहाजावर किंवा त्यावरच्या माणसांवर केलेली बेकायदा हिंसा, लूट किंवा अटकाव म्हणजे चाचेगिरी. या व्याख्येतला एकेक शब्द मोजूनमापून घातलेला आहे. तेच कृत्य एखाद्या देशाच्या १२ सागरी मैलांच्या प्रादेशिक समुद्रात घडले, तर ती चाचेगिरी न राहता सशस्त्र दरोडा ठरतो आणि तिथे त्या देशाचाच अंमल चालतो. खलाशांनी बंड करून स्वतःचेच जहाज ताब्यात घेतले, तर दुसरे जहाज नसल्यामुळे तीही चाचेगिरी होत नाही. आणि सरकारी हुकमाने युद्धनौकेने केलेली लूट या व्याख्येत बसतच नाही.

ही शेवटची अट दिसते तितकी निरागस नाही. कान्होजी आंग्रे मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल होते आणि आपले दस्तक, म्हणजे परवाना, न घेता जाणारी जहाजे ते राज्याच्या अधिकाराने अडवत. ईस्ट इंडिया कंपनीच्या लेखी मात्र ते चाचेच होते, कारण दस्तक मानणे म्हणजे त्या समुद्रावरची दुसऱ्याची सत्ता मानणे झाले असते. तेव्हा हा शिक्का मारणारा कोण आहे, हे आधी पाहून घेणे बरे. असो. इथे प्रश्न आहे तो निव्वळ लुटीसाठी आणि खंडणीसाठी फिरणाऱ्यांचा.

अशा लोकांना 'सर्वांचा सामाईक शत्रू' म्हणण्याची परंपरा रोमन वक्ता सिसेरोपर्यंत मागे जाते. चाच्याला खंडणी देण्याची शपथ घेतली आणि ती मोडली, तरी तो शपथभंग होत नाही, असे त्याने लिहून ठेवले आहे. रीतसर युद्ध करणाऱ्या शत्रूशी वचनाचे नाते असू शकते, चाच्याशी असू शकत नाही, असे त्याचे म्हणणे. त्याच काळातला जूलियस सीझर तरुणपणी चाच्यांच्या हाती सापडला, ५० टॅलेंट खंडणी भरून सुटला आणि नंतर त्याच चाच्यांना पकडून त्याने क्रुसावर चढवले, ही प्लूटार्कने सांगितलेली गोष्ट अनेकांना ठाऊक असते. त्यानंतर काही वर्षांनी, इसवी सनापूर्वी ६७ मध्ये, पॉम्पीने भूमध्य समुद्रातल्या चाच्यांचा बंदोबस्त केला, तेव्हा शरण आलेल्या हजारोंना न मारता त्याने जमिनी देऊन वसवले, ही गोष्ट मात्र तितकी सांगितली जात नाही. म्हणजे 'सर्वांचा शत्रू' या एकाच कल्पनेच्या छत्राखाली रोमनांनीही दोन अगदी वेगळे मार्ग चोखाळले होते.

पुढे हा शब्दप्रयोग कायद्यात रुळला आणि त्याचे दोन अर्थ होऊ लागले. पहिला अर्थ असा, की चाचा माणुसकीच्या परिघाबाहेर गेला, त्याला कोणतेच हक्क उरले नाहीत, त्याला कोणीही मारावे. दुसरा अर्थ असा, की खुल्या समुद्रावर कोणा एका देशाचे राज्य नसल्यामुळे चाच्याला पकडण्याचा आणि त्याच्यावर खटला चालवण्याचा अधिकार सर्वच देशांना आहे. आजच्या कायद्याने फक्त दुसरा अर्थ स्वीकारला आहे. कराराचे १०५वे कलम कोणत्याही देशाला चाच्यांचे जहाज जप्त करण्याची, त्यावरच्या लोकांना अटक करण्याची आणि आपल्या न्यायालयात शिक्षा ठरवण्याची मुभा देते. १०७व्या कलमानुसार ही जप्ती युद्धनौकेने किंवा तसा अधिकार दिलेल्या सरकारी जहाजानेच करायची असते. आणि पुरेशा कारणाशिवाय जप्ती केली तर नुकसानभरपाई द्यावी लागते, असे १०६वे कलम बजावते. अटक, न्यायालय, शिक्षा, भरपाई ही सगळी भाषा पोलिसी कामाची आहे. रणांगणाची भाषा त्यात कुठेच नाही.

हा भेद शब्दांपुरता नाही. युद्धात शत्रूचा सैनिक झोपेत असला, पाठ फिरवून चालला असला, तरी त्याच्यावर गोळी चालवता येते. तो शरण येत नाही किंवा जखमी होऊन लढण्याबाहेर जात नाही, तोवर तो लक्ष्य असतो. दरोडेखोराचे तसे नाही. पोलीस त्याला झोपेत गोळी घालू शकत नाहीत, पळून जाताना केवळ पळतो म्हणूनही घालू शकत नाहीत. कायदा राबवणाऱ्यांनी बळ आणि बंदूक कधी वापरावी, याची संयुक्त राष्ट्रांची मूलतत्त्वे १९९० साली हवाना इथे स्वीकारली गेली. त्यांनुसार जाणूनबुजून प्राणघातक गोळीबार करायचा, तो कोणाचा तरी जीव वाचवण्यासाठी दुसरा इलाजच उरला नसेल तेव्हा. समुद्राच्या बाबतीत हॅम्बर्गच्या आंतरराष्ट्रीय सागरी न्यायाधिकरणाने १९९९ साली 'सायगा' नावाच्या जहाजाच्या खटल्यात हेच वेगळ्या शब्दांत सांगितले: बळाचा वापर होता होईल तो टाळावा, आणि टाळता येणारच नसेल तर परिस्थितीला आवश्यक आणि वाजवी असेल त्यापलीकडे जाऊ नये. तो खटला चाचेगिरीचा नव्हता, तेल पुरवणाऱ्या एका टँकरवरच्या गोळीबाराचा होता. पण समुद्रावर कायदा राबवणाऱ्या प्रत्येकाला हीच कसोटी लावली जाते.

या कसोटीचे दोन शब्द आहेत, गरज आणि प्रमाण. प्रमाणाचा मुद्दा मालमत्तेपाशी विशेष टोचतो. नोव्हेंबर २००८ मध्ये सोमाली चाच्यांनी 'सिरियस स्टार' हा सौदी महाटँकर पळवला, तेव्हा त्यात सुमारे २० लाख पिंपे कच्चे तेल होते आणि त्याची किंमत १० कोटी डॉलरच्या आसपास होती. एवढ्या तेलासाठी माणूस मारणे योग्य आहे का? नुसत्या तेलासाठी मारणे योग्य नाही, असेच बहुतेक कायदे आणि बहुतेक नीतिविचार सांगतात. पण जहाज रिकामे नसते, आणि पळवलेल्या जहाजावरच्या खलाशांच्या डोक्याला बंदूक लागलेली असते, म्हणून इथे मालमत्तेचा प्रश्न लगेच जिवाचा प्रश्न होऊन बसतो. चाचे शिडी लावून चढू लागले की खलाशांच्या दृष्टीने तो क्षण आत्मसंरक्षणाचाच असतो, मग चाच्यांचा डोळा तेलावर असो की माणसांवर.

गरजेचा मुद्दा अधिक चमत्कारिक आहे, कारण गरज काही प्रमाणात आपणच निर्माण करतो. जहाजाच्या कठड्याला काटेरी तारांची वेटोळी लावली, पाण्याचे जोरदार फवारे सोडण्याची सोय केली, टेहळणीला दोन माणसे जादा ठेवली, धोक्याच्या पट्ट्यात जहाज पूर्ण वेगाने हाकले, तर चाच्यांचे बरेचसे प्रयत्न तिथेच संपतात. ताशी १८ सागरी मैलांहून अधिक वेगाने जाणारे आणि उंच कठड्याचे जहाज त्यांच्या हाती फारसे लागत नाही. त्यातूनही चाचे वर चढलेच, तर सर्व खलाशांना आतून बंद करून बसता येईल अशी भक्कम खोली, ज्याला 'सिटाडेल' म्हणतात, ती तयार असली की चाच्यांच्या हाती ओलीस ठेवायला माणूसच लागत नाही आणि मदतीला आलेल्या नौदलाला निर्धास्तपणे जहाजावर उतरता येते. ज्या मालकाने इंधनाचा खर्च वाचवायला वेग कमी ठेवला आणि तारांचे पैसे वाचवले, त्याने नंतर 'गोळीबाराखेरीज इलाज नव्हता' म्हणावे, हे मला पटत नाही. त्या क्षणी इलाज नसेलही. आधीच्या आठवड्यात होता.

जिथे ओलीस आधीच चाच्यांच्या हाती आहेत, तिथे हिशेब बदलतो. एप्रिल २००९ मध्ये 'मर्स्क अलाबामा' या अमेरिकी जहाजाचा कप्तान एका बंदिस्त जीवरक्षक नौकेत चाच्यांच्या तावडीत होता. वाटाघाटी चालू होत्या. चार चाच्यांपैकी एक अमेरिकी युद्धनौकेवर आलेला होता. १२ एप्रिलला कप्तानावर बंदूक रोखलेली आहे आणि त्याचा जीव धोक्यात आहे असे ठरवून नेमबाजांनी तिघांना एकाच वेळी टिपले. कप्तान सुखरूप सुटला. कसोटीच्या चौकटीत ही घटना बसते, कारण धोका दूरचा नव्हता, नेमका होता, आणि आधी बराच वेळ बोलणे करून पाहिले होते. मात्र तिच्यावरून 'कमांडो पाठवले की काम फत्ते' असा धडा घेऊ नये. दोनच दिवस आधी, १० एप्रिलला, फ्रेंच कमांडोंनी 'तानित' या शिडाच्या नौकेवर धाड घातली. नौकेवर पाच जण होते, त्यांत एक तीन वर्षांचा मुलगा. चौघे वाचले. मुलाचे वडील मारले गेले, आणि ती गोळी फ्रेंच सैनिकाचीच होती, असे तपासात पुढे स्पष्ट झाले. जानेवारी २०११ मध्ये दक्षिण कोरियाच्या नौदलाने 'सामहो ज्वेलरी' जहाजावर धाड घालून २१ खलाशी सोडवले, आठ चाचे मारले, पाच पकडले. त्या धुमश्चक्रीत जहाजाचा कप्तान गंभीर जखमी झाला. म्हणून ओलिसांच्या सुटकेसाठी बळ वापरताना विचारायचा प्रश्न असा, की थांबल्याने ओलिसांचा धोका वाढतो आहे की धाडीने वाढणार आहे. खंडणीच्या धंद्यात ओलीस जिवंत असण्यातच चाच्यांचा फायदा असतो, आणि त्यामुळे बहुतेक वेळा घड्याळ वाटते तितके आपल्या विरुद्ध धावत नसते.

आता सुरुवातीच्या ठिपक्याकडे परत जाऊ, कारण या विषयातल्या सर्वांत दुःखद घटना ओळखीच्या चुकीतून घडल्या आहेत. नोव्हेंबर २००८ मध्ये एडनच्या आखातात भारतीय नौदलाच्या 'आयएनएस तबर'ने चाच्यांची एक 'मदरशिप', म्हणजे लहान होड्यांना खोल समुद्रात घेऊन फिरणारी मोठी नौका, बुडवली. नौकेवर शस्त्रधारी लोक दिसत होते, तिने थांबण्यास नकार दिला, उलट युद्धनौकेला उडवण्याची धमकी दिली आणि गोळीबार केला, असे नौदलाने सांगितले. बातमी आली तेव्हा सगळीकडून कौतुक झाले. काही दिवसांनी कळले, की ती 'एकावत नावा ५' ही थायलंडची मासेमारी नौका होती. चाच्यांनी ती थोड्याच वेळापूर्वी ताब्यात घेतली होती आणि तिचे खलाशी आतच होते. त्यांतला एक जण सहा दिवस समुद्रात तरंगत राहून वाचला. एकाचा मृतदेह मिळाला. बाकीचे चौदा सापडले नाहीत. आपल्यावर गोळीबार झाल्याने आपण स्वसंरक्षणार्थ उत्तर दिले, ही नौदलाची भूमिका कायम राहिली, आणि शस्त्रधारी लोक नौकेवर होते हे खोटे नव्हते. पण मदरशिप ही वस्तूच अशी आहे, की ती बहुधा कोणाकडून तरी पळवलेली असते आणि तिच्यावर तिचे मूळचे खलाशी बंदी असण्याची शक्यता नेहमीच असते. ही शक्यता आज प्रत्येक नौदल हिशेबात धरते; ती धरायला लागण्यामागे अशाच घटना आहेत.

दुसरी घटना भारतीय किनाऱ्याजवळची आहे. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे २०.५ सागरी मैलांवर 'एन्रिका लेक्सी' या इटालियन टँकरवर तैनात असलेल्या इटालियन नौसैनिकांनी 'सेंट अँटनी' या मासेमारी बोटीवर गोळ्या झाडल्या आणि दोन भारतीय मच्छीमार मारले गेले. बोट चाच्यांची वाटली, असे सैनिकांचे म्हणणे. पुढे आठ वर्षे दोन देशांत वाद चालला तो मुख्यतः खटला कोणी चालवायचा यावर. लवादाने २०२० साली निकाल दिला, की सैनिक सरकारी काम करत असल्यामुळे भारतीय न्यायालयांत त्यांच्यावर खटला चालणार नाही, पण जीवितहानीची भरपाई इटलीने द्यावी. १० कोटी रुपये जमा झाल्यावर जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतातली कारवाई बंद केली. माझ्या मते, या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न खटल्याच्या जागेच्या वादात कोपऱ्यात पडला: आपल्याला ज्याची शंका आली, त्याच्यावर गोळी झाडण्याआधी ती शंका फेडण्यासाठी किती धोका पत्करण्याची जबाबदारी आपल्यावर आहे? माझे उत्तर असे, की शस्त्रधाऱ्याने थोडा धोका स्वतःकडे घेतलाच पाहिजे. उंच, पोलादी जहाजावरचा प्रशिक्षित रक्षक आणि उघड्या होडीतला माणूस यांत चुकीची किंमत कोण मोजतो ते पाहिले, की हे म्हणणे फारसे कठोर वाटत नाही.

शंका फेडण्याची रीत ठरलेली आहे. आधी भोंगा, दिवे, रेडिओ; मग जहाजाने दिशा बदलून पाहायची, म्हणजे होडी खरोखर पाठलाग करते आहे का ते कळते; मग रक्षकांनी कठड्याशी येऊन बंदुका उंच धरून दाखवायच्या; मग होडीपासून दूर, पाण्यात इशाऱ्याच्या गोळ्या; आणि त्यानंतरही हल्ला सुरू झाला किंवा होण्याच्या बेतात असला, तरच माणसांवर नेम. बंदुका नुसत्या दाखवण्याची पायरी सर्वांत कामाची ठरली आहे. चाचेगिरी हा धंदा आहे, आणि गोळी खाण्याची शक्यता दिसली की होडी वळते व कमी पहाऱ्याचे दुसरे जहाज शोधू लागते. २०११ हे सोमाली चाच्यांच्या जोराचे वर्ष होते. त्यांच्या नावावर २३७ हल्ले नोंदले गेले. त्याच सुमारास जहाजांवर खाजगी सशस्त्र रक्षक नेमण्याचे प्रमाण झपाट्याने वाढले, आणि त्या सगळ्या धामधुमीत रक्षक असलेले जहाज पळवून नेण्यात सोमाली चाच्यांना यश आले नाही.

एवढे यश असूनही खाजगी रक्षकांबाबत मन पूर्ण निःशंक होत नाही. नौदलाच्या अधिकाऱ्यावर त्याच्या देशाचा कायदा, चौकशी, लष्करी न्यायालय यांची नजर असते. कंपनीचा रक्षक एका देशाचा, जहाजाचा झेंडा दुसऱ्या देशाचा, मालक तिसऱ्या देशातला, आणि घटना कोणाचेच राज्य नसलेल्या पाण्यात. अशा वेळी चुकून मारल्या गेलेल्या मच्छीमाराची तक्रार नोंदवायची कुठे? होडी परतली नाही तर तिच्या गावाला कारणही कळत नाही. म्हणूनच २०१३ मध्ये रक्षकांसाठी बळाच्या वापराचे एक नियमपत्र तयार झाले आणि वर सांगितलेल्या पायऱ्या त्यात मांडल्या गेल्या, पण ते कोणावर बंधनकारक नाही. प्रत्येक गोळीबाराचे चित्रीकरण व्हावे आणि ते झेंड्याच्या देशाकडे जावे, एवढी एकच सक्ती झाली तरी पुष्कळ फरक पडेल.

इथे एक आक्षेप नेहमी येतो, की सोमालियातले चाचे मुळात नाडलेले मच्छीमार होते. त्यात तथ्य आहे. १९९१ साली तिथले सरकार कोसळल्यावर परदेशी नौकांनी त्या किनाऱ्यावर मनमानी मासेमारी केली, आणि सुरुवातीच्या काही टोळ्या स्वतःला तटरक्षक म्हणवत. पण जागतिक बँकेच्या २०१३च्या अहवालाने या धंद्याचे पैसे कुठे जातात ते दाखवले: २००५ ते २०१२ या काळात सुमारे ३४ ते ४१ कोटी डॉलर खंडणी वसूल झाली, तीतला ३० ते ५० टक्के वाटा भांडवल पुरवणाऱ्यांनी घेतला, आणि शिडीवरून चढणाऱ्या साध्या चाच्याला एका जहाजामागे ३०,००० ते ७५,००० डॉलर मिळाले. त्या देशात ही रक्कम प्रचंड आहे, तरी खंडणीच्या मानाने चिरीमिरीच. हे गाऱ्हाणे खरे असले म्हणून तेलवाहू जहाजावरच्या फिलिपिनो किंवा भारतीय खलाशाला ओलीस धरणे समर्थनीय ठरत नाही. मासे चोरणारा तो नव्हता. मात्र होडीत बसलेला विशीतला मुलगा आणि किनाऱ्यावर बसून पैसे लावणारा शेठ यांत गोळी नेहमी मुलालाच लागते, हे 'उडवा' म्हणताना ध्यानात असावे.

बळ जपून वापरूनही काम होते, याचे अलीकडचे उदाहरण मार्च २०२४ मधले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये पळवलेले 'रुएन' हे मालवाहू जहाज चाचे मदरशिप म्हणून वापरत होते. भारतीय नौदलाच्या 'आयएनएस कोलकाता'ने भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर ते अडवले. चाच्यांनी नौदलाचे ड्रोन पाडले, युद्धनौकेवर गोळ्या झाडल्या. २००८ साली एवढे कारण पुरले असते. या वेळी नौदलाने जहाजाचे सुकाणू आणि दिशादर्शक यंत्रणा निकामी केली, म्हणजे जहाज जागच्या जागी अडकले, आणि मग वाट पाहिली. हवाई दलाच्या विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो समुद्रात उतरवले गेले. सुमारे ४० तासांनी ३५ चाचे शरण आले आणि सर्व १७ खलाशी सुखरूप सुटले.

चाचे जिवंत हाती लागतात, तेव्हाच दुसरा अवघड भाग सुरू होतो. संयुक्त राष्ट्रांसाठी २०११ साली तयार झालेल्या अहवालात नमूद होते, की पकडलेल्या चाच्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जण खटल्याविना सोडून दिले जातात. खटला चालवायचा तर आरोपीला हजारो किलोमीटर न्यायचे, जगभर पांगलेले खलाशी साक्षीला आणायचे, दुभाषे शोधायचे, निर्दोष सुटला तर तो आश्रय मागेल ही धास्ती बाळगायची. त्यापेक्षा शस्त्रे समुद्रात टाकून होडी सोडून देणे सोपे. मुंबईतही हा अनुभव जुना आहे. १९९९ मध्ये पकडलेल्या 'अलोन्ड्रा रेनबो' जहाजावरच्या आरोपींना सत्र न्यायालयाने २००३ साली दोषी ठरवले आणि २००५ साली उच्च न्यायालयात ते सुटले. तेव्हा चाचेगिरीविरुद्ध स्वतंत्र कायदाच नव्हता. तो संसदेने २०२२ साली केला, आणि 'रुएन'वरच्या ३५ जणांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले गेले, ते त्याच्या आधारे. त्या कायद्यात चाचेगिरीत कोणाचा जीव गेल्यास मृत्युदंडाची तरतूद आहे, आणि तिथे एक नवी गाठ पडते, कारण मृत्युदंडाची शक्यता असेल तर युरोपातले देश आपल्या ताब्यातला आरोपी सुपूर्द करत नाहीत.

खटल्याची कटकट नको म्हणून काय होऊ शकते, ते मे २०१० मध्ये दिसले. रशियन नौसैनिकांनी 'मॉस्को युनिव्हर्सिटी' हा टँकर सोडवला. खलाशी आत बंद करून बसल्यामुळे सगळे सुरक्षित राहिले. पकडलेल्या दहा चाच्यांना मग एका रबरी होडीत बसवून, दिशादर्शक साधनांशिवाय, किनाऱ्यापासून सुमारे ३०० सागरी मैलांवर सोडून देण्यात आले. ते पुन्हा कधी दिसले नाहीत. गोळी न घालताच दहा जणांना बहुधा मरणाच्या हवाली केले गेले, आणि याला सुटका म्हटले गेले. दुसऱ्या टोकाला फ्रान्स: पकडून आणलेल्या सोमाली चाच्यांना फ्रान्समध्ये पोहोचताच न्यायाधीशापुढे उभे न करता आणखी ४८ तास पोलीस कोठडीत ठेवले, म्हणून युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१४ साली फ्रान्सला प्रत्येकी काही हजार युरो भरपाई द्यायला लावली. तेव्हा या निकालाची पुष्कळ थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांपुढे मी त्या रबरी होडीचा विषय काढतो.

या दोन टोकांच्या मधोमध डेन्मार्कचे प्रकरण आहे. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी गिनीच्या आखातात 'एस्बर्न स्नारे' या डॅनिश युद्धनौकेच्या सैनिकांनी एका संशयित होडीला थांबण्याचा इशारा दिला, इशाऱ्याच्या गोळ्या झाडल्या, होडीतून गोळीबार झाला आणि उत्तरादाखल झालेल्या गोळीबारात चौघे मारले गेले. चौघे जिवंत हाती लागले. त्यांतल्या एकाचा पाय कापावा लागला. त्याला डेन्मार्कला नेले गेले आणि २०२२ मध्ये कोपनहेगनच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरवले, पण शिक्षा दिली नाही. उरलेल्या तिघांना घ्यायला कोणताही देश तयार नव्हता. त्यांच्यावरचे आरोप मागे घेण्यात आले आणि जानेवारी २०२२ मध्ये, किनाऱ्यापर्यंत पुरेल एवढे इंधन आणि अन्न देऊन, एका लहान होडीत त्यांना समुद्रातच सोडण्यात आले.